रुळांमागचा माणूस : जेम्स जॉन बर्कले

आगीनगाडीची गोष्ट आपण प्राथमिक शाळेतच पाठ केलेली असते. शनिवार, १६ एप्रिल १८५३. दुपारचे साडेतीन वाजून गेलेले. बोरीबंदर. चौदा डबे, चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी आणि पुढे 'साहिब', 'सिंध' व 'सुलतान' ही तीन इंजिने. गाळलेल्या जागा भरण्यापुरती ही माहिती पुरेशी आहे, आणि बहुतेकांची जिज्ञासा तेथेच थांबते. पण गाडी ठाण्यापर्यंत कोणत्या वाटेने न्यायची, चिखलातून भराव कसा घालायचा, खाडी कोठे ओलांडायची आणि कल्याणच्या पुढे उभा असलेला सह्याद्री कसा चढायचा, हे प्रश्न कोणी तरी सोडविले असलेच पाहिजेत. ते ज्याच्या शिरावर पडले त्या माणसाचे नाव जेम्स जॉन बर्कले. कल्याण, डोंबिवली, दिवा, मुंब्रा, कळवा येथून कॉलेजला येणारे आपण सर्व रोज त्याच्याच आखणीवरून ये-जा करतो. आपल्या प्रवासाचे इतके मोठे ऋण ज्याच्याकडे जमा आहे, त्याचे चरित्र थोडक्यात सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

गुरुगृही

बर्कले यांचा जन्म लंडनच्या होलोवे या भागात २१ ऑक्टोबर १८१९ रोजी झाला. लंडनच्या किंग्ज कॉलेजात शिक्षण घेऊन १८३६ मध्ये त्यांनी इंजिनियरच्या हाताखाली उमेदवारी पत्करली. त्या काळी हा धंदा पुस्तकापेक्षा गुरूजवळ राहून शिकण्याचा होता. तरुण बर्कलेंना पुढे गुरू लाभला तोही असा, की ज्याचे नाव त्या वेळी साऱ्या युरोपात दुमदुमत होते : रॉबर्ट स्टीफन्सन.

रॉबर्ट हा जॉर्ज स्टीफन्सनचा मुलगा. या पितापुत्रांच्या न्यूकॅसल येथील कारखान्यात १८२९ साली 'रॉकेट' हे इंजिन तयार झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये रेनहिल येथे झालेल्या इंजिनांच्या स्पर्धेत पाचशे पौंडांचे बक्षीस रॉकेटने मिळविले. त्याचे मर्म त्याच्या बॉयलरमध्ये होते. त्या काळच्या बहुतेक इंजिनांत भट्टीची ऊन हवा एकाच जाड नळातून जाई. रॉकेटमध्ये ती पंचवीस तांब्याच्या नळ्यांतून पाण्यामधून फिरविली होती. त्यामुळे पाण्याला उष्णता लागण्याचे क्षेत्र कितीतरी वाढले आणि वाफ भराभर होऊ लागली. पुढे शतकभर वाफेची इंजिने याच तत्त्वावर बनत राहिली.

या इंजिनाचा उत्तरकाल मात्र फारसा वैभवाचा नव्हता. सुधारणा इतक्या झपाट्याने होत गेल्या, की लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गावर काही वर्षे चालल्यावर रॉकेट जुनाट ठरले. १८३६ मध्ये ते विकले गेले आणि कंबरलंडमधील खाणींचा कोळसा ओढू लागले. १८४० च्या सुमारास तेही काम संपले. भंगारात जायचे ते कसेबसे वाचले आणि १८६२ मध्ये लंडनच्या पेटंट संग्रहालयाला देण्यात आले. १८६२ हे साल वाचकांनी ध्यानात ठेवावे. बर्कलेंच्या चरित्राच्या शेवटी ते पुन्हा येणार आहे.

स्टीफन्सनच्या हाताखाली बर्कलेंनी इंग्लंडमधील रेल्वेमार्गांची कामे केली. पातळी मोजणे, माती-दगडाचा हिशेब बांधणे, ठेकेदाराच्या कामावर नजर ठेवणे हे सारे अंगवळणी पडले. १८४९ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, गुरूच्या शिफारशीने त्यांची 'ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे'चे मुख्य इंजिनियर म्हणून नेमणूक झाली. स्टीफन्सन स्वतः त्या कंपनीचे सल्लागार इंजिनियर होते.

मुंबईतील पूर्वतयारी

बर्कले मुंबईस उतरले ते १८५० च्या फेब्रुवारीत. पण रेल्वेची कल्पना त्यांच्याबरोबर आली असे मानणे चूक होईल. १८४३ मध्ये जॉर्ज क्लार्क या इंजिनियराने मुंबईहून ठाणे-कल्याणकडे लोहमार्ग नेण्याची योजना मांडली होती. १८४५ मध्ये मुंबईच्या व्यापाऱ्यांनी व नागरिकांनी या कामासाठी मंडळ स्थापिले. त्यात नाना शंकरशेट आणि सर जमशेटजी जिजीभाई हे अग्रभागी होते. नानांचे मूळ घराणे आपल्या मुरबाडचे. कंपनीच्या उभारणीत त्यांनी आपली प्रतिष्ठा खर्च केली आणि पहिल्या गाडीतून प्रवासही केला.

या उद्योगामागे केवळ लोककल्याणाची तळमळ होती असेही नाही. लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस हवा होता. १८४६ मध्ये अमेरिकेतील पीक बुडाल्यावर वऱ्हाड-खानदेशच्या कापसाकडे त्यांचे डोळे लागले. सरकारला सैन्य हलविण्याची सोय हवी होती. कंपनीच्या भागीदारांना पाच टक्के व्याजाची हमी मिळाली आणि तिचा बोजा हिंदुस्थानच्या महसुलावर पडला. म्हणजे धोका रयतेचा आणि नफा लंडनचा, असा हा व्यवहार होता. बर्कलेंच्या कर्तृत्वाचा गौरव करताना ही बाजू झाकून ठेवण्याचे कारण नाही.

बोरीबंदर ते ठाणे

३१ ऑक्टोबर १८५० रोजी शीवजवळ कामाचा प्रारंभ झाला. अंतर अवघे एकवीस मैल, म्हणजे चौतीस किलोमीटर. डोंगर नाही, घाट नाही. तरीही काम सोपे नव्हते. मुंबई बेट सोडून साष्टीत शिरताना शीव-कुर्ल्याच्या दरम्यान खाजण पसरलेले होते. भरतीचे पाणी आत येई आणि आज टाकलेली माती उद्या गाळात खचे. पावसाळ्याचे चार महिने माती हलविता येत नसे. रूळ आणि इतर लोखंडी सामान विलायतेहून जहाजाने यायचे. एखादा तुकडा कमी पडला तर तो मागविण्यात आणि येण्यात महिनेच्या महिने जात.

रुळांमधील अंतर साडेपाच फूट ठरले. इंग्लंडमध्ये ते चार फूट साडेआठ इंच होते. लॉर्ड डलहौसीच्या निर्णयाने हिंदुस्थानात रुंद मार्ग आला, आणि त्यामुळे येथील इंजिने व डबेही वेगळ्या मापाने घडवावे लागले. आपल्या लोकल गाडीचा डबा आजही त्याच मापाच्या रुळांवर उभा असतो.

पहिले काम फॅव्हिएल आणि फाउलर या इंग्रज ठेकेदारांना मिळाले. माती खणणारे, टोपल्या वाहणारे, दगड घडविणारे हात मात्र येथलेच होते. वडार होते, कोकणातले शेतकरी होते, देशावरून पोटासाठी उतरलेली कुटुंबे होती. बायका डोक्यावर पाट्या वाहत, पोरेही हाताशी असत. या लोकांना रूळ ही वस्तू नवी होती, पण मातीची आणि दगडाची पारख बर्कलेंच्या विलायती मदतनिसांपेक्षा त्यांना अधिक होती. पुढील कामांत बर्कलेंनी एतद्देशीय ठेकेदारांनाही वाव दिला. जमशेटजी दोराबजी या पारशी गृहस्थांनी कंपनीची अनेक कामे घेऊन यशस्वीपणे पार पाडली, हे या दृष्टीने महत्त्वाचे आहे.

आगीनगाडीचे घोडे

१८५२ च्या प्रारंभी ठेकेदारांचे एक छोटे इंजिन मुंबईत आले. गव्हर्नरच्या नावावरून त्याला 'फॉकलंड' म्हणत. बंदरापासून भायखळ्यापर्यंत रूळ नव्हते, तेव्हा ते रस्त्यावरून मजुरांकरवी ओढून न्यावे लागले. स्वतःच्या बळाने गाड्या ओढणारे यंत्र माणसांनी दोरखंडांनी ओढावे, हा देखावा पाहायला अर्थातच गर्दी लोटली. भायखळ्याला ते सुरू झाले आणि मातीच्या वाघिणी इकडून तिकडे नेऊ लागले. मुंबईकरांनी पाहिलेले हे पहिले वाफेचे इंजिन.

प्रवासी गाड्यांसाठी कंपनीने आठ इंजिने मागविली. ती न्यूटन-ल-विलोज येथील व्हल्कन फाउंड्रीत १८५२ साली तयार झाली. हे गाव लिव्हरपूल-मँचेस्टर मार्गावर, ज्या मार्गावर रॉकेट धावले त्याच मार्गावर आहे, आणि या कारखान्यात रॉबर्ट स्टीफन्सन काही काळ भागीदार होते. पुढे दोन लहान चाके, मागे दांड्याने एकमेकांस जोडलेली चार मोठी चाके, आणि पाठीमागे कोळसा-पाण्याची टेंडर अशी त्यांची ठेवण होती. भट्टीत कोळसा जळायचा, नळ्यांतून धग पाण्याला लागायची, दाबाखालची वाफ नळकांड्यात शिरून दट्ट्या पुढेमागे ढकलायची आणि दट्ट्याचा दांडा चाक फिरवायचा. काम झालेली वाफ धुराड्यातून फकफक करीत बाहेर पडायची आणि जाताजाता भट्टीत वारा खेचून विस्तव आणखी फुलवायची. रॉकेटचाच हा वंश होता. फक्त अंगाने भारदस्त झालेला.

लोकांना हे सारे अद्भुत वाटले यात नवल नाही. बैल नाही, घोडा नाही, आणि गाडी धावते! कोणी तिला आगीनगाडी म्हटले, कोणी इंजिनाला 'चाक्या म्हसोबा' म्हणून नारळ वाढविले. पुलाच्या पायात माणसे पुरतात, अशाही वावड्या उठल्या. १८५२ च्या नोव्हेंबरात ठाण्यापर्यंत चाचणीची फेरी झाली, आणि पुढल्या एप्रिलात तो सुप्रसिद्ध दिवस उगवला. शीवला इंजिनांना पाणी पाजून गाडी तास-सव्वा तासात ठाण्यास पोहोचली. तेथे तंबू ठोकून पाहुण्यांसाठी मेजवानी मांडलेली होती. गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड मात्र समारंभाला नव्हते. ते आधीच थंड हवेच्या ठिकाणी निघून गेले होते. आशिया खंडातील प्रवासी रेल्वेचा हा प्रारंभ त्यांच्यावाचून पार पडला आणि त्यावाचून काही अडलेही नाही.

खाडीपलीकडे

समारंभाच्या झगमगाटात एक गोष्ट विसरली जाते. ठाण्यापर्यंतचा मार्ग हा केवळ प्रयोग होता. खरी परीक्षा ठाण्याच्या पलीकडे होती. ठाण्याची खाडी ओलांडण्यासाठी बर्कलेंना पूल बांधावे लागले. भरती-ओहोटीच्या पाण्यात पाया घ्यायचा, गाळाखालचा खडक गाठायचा आणि त्यावर दगडी कमानी चढवायच्या, असे ते काम होते. खाडी ओलांडली की पारसिकचा डोंगर आडवा येतो. एवढा डोंगर आरपार फोडण्याचे साहस त्या वेळी कोणी केले नाही. बर्कलेंनी मार्ग डोंगराच्या पायथ्याने, खाडीच्या कडेने मुंब्र्याकडे वळविला आणि जेथे सुळके आडवे आले तेथे दोन छोटे बोगदे खोदले. डोंगराच्या पोटातून सरळ जाणारा मोठा पारसिक बोगदा १९१६ साली झाला. त्याच्या आधी साठ वर्षे मुंबईची कल्याणशी असलेली सारी वाहतूक या वळणावरूनच झाली.

१ मे १८५४ रोजी गाडी कल्याणला पोहोचली. सातवाहनांच्या काळापासून नावाजलेले हे बंदर खाडी गाळाने भरत गेल्यामुळे मागे पडले होते. रुळांनी त्याला नवे आयुष्य दिले. वाटेतील डोंबिवली त्या वेळी भातशेतीच्या काठावरचे खेडे होते. आपल्या गावांचा पुढील दीडशे वर्षांचा इतिहास त्या दिवशी रुळांवरून आला.

कल्याणच्या पुढे काय, हा प्रश्न बर्कलेंच्या आयुष्यातील सर्वांत मोठा निर्णय ठरला. कंपनीच्या मूळ बेतात माळशेज घाटाने सह्याद्री चढण्याचा विचार होता. म्हणजे मार्ग कल्याणहून मुरबाडवरून गेला असता. बर्कलेंनी डोंगर पायाखाली घातले, मोजण्या केल्या आणि माळशेज सोडून दिला. त्यांनी दोन वाटा निवडल्या : ईशान्येस कसाऱ्यावरून थळ घाट आणि आग्नेयेस कर्जतवरून बोर घाट. एक उत्तर हिंदुस्थानकडे जाणारी, दुसरी पुण्याकडून दक्षिणेस जाणारी. कल्याण जंक्शन झाले ते या निर्णयामुळे. आणि ज्या नाना शंकरशेटांनी रेल्वेसाठी जिवाचे रान केले, त्यांचे मुरबाड रुळांवाचून राहिले तेही याच निर्णयामुळे. कल्याण-मुरबाड रेल्वेची मागणी पुढे कित्येक पिढ्या होत राहिली. इंजिनियरच्या नकाशावरची एक रेघ इकडची तिकडे झाली, की गावांची नशिबे कशी पालटतात याचे याहून जवळचे उदाहरण आपल्याला मिळणार नाही.

बोर घाट

बोर घाटाची चढण सुमारे सोळा मैलांची. त्यात उंची गाठायची १,८३१ फुटांची. सर्वांत खडा चढ ३७ फुटांना एक फूट. पंचवीस बोगदे, आठ मोठे पूल. सह्याद्रीचा काळा पत्थर सुरुंगाशिवाय हलत नाही. दारू टनावारी लागे. काही कडे इतके तुटलेले होते, की मजुरांना वरून दोरांनी खाली सोडावे लागे आणि ते अधांतरी लोंबकळत सुरुंगाची भोके पाडीत. एके ठिकाणी वळण घ्यायलाही जागा नव्हती. तेथे बर्कलेंनी अशी योजना केली, की गाडी एका टोकावर येऊन थांबे, इंजिन सोडवून दुसऱ्या बाजूला लावीत आणि गाडी उलट दिशेने पुढचा चढ चढू लागे. उतारावर गाडी आवरेनाशी झाली तर तिला चढावर नेऊन थोपविणारे फाटेही काढले. घाटासाठी टेंडरऐवजी अंगावरच पाण्याची टाकी वागविणारी वजनदार इंजिने आणली गेली, कारण चाकांवर भार जितका अधिक तितकी रुळावर पकड अधिक.

१८५६ मध्ये पायथ्याशी खोपोलीपर्यंत आणि १८५८ मध्ये वर खंडाळ्याहून पुण्यापर्यंत गाडी सुरू झाली होती. मधला घाट उतारू पालखीतून किंवा तट्टावरून चढत. या मधल्या तुकड्यानेच सर्वांचा अंत पाहिला.

कामावरील मजुरांची संख्या एका वेळी चाळीस हजारांवर गेली. एवढी माणसे डोंगरात, गवताच्या झोपड्यांत, पिण्याच्या स्वच्छ पाण्यावाचून राहत होती. १८५९ च्या आरंभी मजुरी थकल्यावरून दंगा झाला. ठेकेदार फॅव्हिएल यांनी काम सोडले. नवे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी विलायतेहून आले आणि काही दिवसांतच आजाराने वारले. त्यांच्या पत्नी ॲलिस यांनी माघार न घेता ठेका आपल्या नावाने चालू ठेवला आणि जाणत्या इंजिनियरांच्या हाती देखरेख देऊन तो तडीस नेला. त्याच सुमारास पटकीने मजुरांच्या वस्त्यांत थैमान घातले. हजारो माणसे मेली. त्यांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत, कोणत्याही वहीत धड लिहिलेली नाहीत. ट्रेडवेलबाईंचे नाव इतिहासाला माहीत आहे, हे योग्यच आहे. पण टोपली खाली ठेवून कायमची आडवी झालेली एखादी मजूर बाई इतिहासाला माहीत नाही. घाटातून जाताना बोगद्यांची संख्या मोजणाऱ्या आपण एवढे तरी मनात ठेवावे.

बर्कलेंच्या कामातही सारे निर्दोष होते असे नाही. घाटातील एक मोठा दगडी पूल १८६७ मध्ये कोसळला आणि बांधकामाच्या दर्जाबद्दल गंभीर प्रश्न उभे राहिले. घाई, अननुभवी देखरेख आणि ठेकेदारीची काटकसर यांची किंमत उशिरा का होईना, चुकवावी लागली. तरीही आखणी म्हणून पाहिले तर घाटाची ही योजना असामान्य होती यात शंका नाही.

बर्कले नुसते काम करणारे नव्हते, केलेले काम इतरांना समजावून सांगणारेही होते. मुंबईच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी घाटमार्गांवर निबंध वाचले. हिंदी रेल्वेविषयीचा त्यांचा विस्तृत निबंध १८६० मध्ये लंडनच्या इंजिनियरांच्या संस्थेपुढे आला. त्यात खडक, पाऊस, मजूर, चुना, दगड यांची इतकी बारीक नोंद आहे, की त्या काळच्या कोकणाच्या अभ्यासकालाही तो वाचनीय वाटावा.

अखेर

अकरा वर्षे ऊन, पाऊस आणि हिवताप यांच्याशी झगडून त्यांची प्रकृती ढासळली. १८६१ च्या एप्रिलात त्यांनी मुंबई सोडली. घाटाचे काम तेव्हा ऐन भरात होते. इंग्लंडच्या हवेने गुण येईल ही आशा फोल ठरली. २५ ऑगस्ट १८६२ रोजी सिडनहॅम येथे ते निवर्तले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बेचाळीस होते. गुरू स्टीफन्सन तीन वर्षे आधीच, १८५९ मध्ये, गेले होते.

आठ महिन्यांनी, २१ एप्रिल १८६३ रोजी, गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते बोर घाटाचे उद्‌घाटन झाले. १ जानेवारी १८६५ रोजी थळ घाटही खुला झाला. ज्याने दोन्ही वाटा आखल्या त्याच्या नशिबी त्यांवरून धावणारी गाडी पाहणे नव्हते. मुंबईच्या चाहत्यांनी वर्गणी जमविली आणि मुंबई विद्यापीठात इंजिनियरिंगच्या परीक्षेसाठी त्यांच्या नावाचे सुवर्णपदक ठेवण्यात आले.

काय उरले?

ज्या १८६२ साली बर्कले गेले, त्याच साली त्यांच्या गुरूचे रॉकेट संग्रहालयात दाखल झाले. निरुपयोगी झालेल्या, खाणीतल्या धुळीने काळवंडलेल्या त्या इंजिनाची किंमत कोणाच्या तरी ध्यानात आली आणि ते राहिले. आज ते ब्रिटनच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयाच्या ताब्यात आहे. दोनशे वर्षांपूर्वीचे लोखंड आजची मुले डोळ्यांनी पाहू शकतात.

आपल्या 'साहिब', 'सिंध' आणि 'सुलतान'चे काय झाले? व्हल्कन फाउंड्रीच्या त्या आठ इंजिनांपैकी एकही उरलेले नाही. त्यांनी माणसे नेली, कापूस नेला, मीठ नेले, आणि नवी, ताकदवान इंजिने आल्यावर ती मागे पडली. जुने यंत्र म्हणजे वजनावर विकण्याचे लोखंड, हा हिशेब त्यांच्याबाबत शेवटपर्यंत पाळला गेला. 'फॉकलंड'चाही मागमूस नाही. ईस्ट इंडियन रेल्वेचे १८५५ चे 'फेअरी क्वीन' मात्र जतन झाले, दुरुस्त होऊन १९९७ पासून पुन्हा गाडी ओढू लागले आणि जगातील सर्वांत जुने चालते इंजिन म्हणून त्याची कीर्ती झाली. आपल्या शेजारच्या माथेरानच्या छोट्या गाडीची वाफेची इंजिनेही काही प्रमाणात राखली गेली. त्यांतील एक दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात आहे. पण ती जर्मन बनावटीची आणि विसाव्या शतकातली. आशियातील पहिल्या प्रवासी गाडीचे इंजिन पाहायचे तर ठाण्याच्या विद्यार्थ्याला चित्रावरच समाधान मानावे लागते.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबई-कुर्ला मार्गावर विजेची गाडी सुरू झाली. पुढे कल्याण, आणि १९३० पर्यंत पुणे व इगतपुरी येथपर्यंत तारा पोहोचल्या. गाडी उलटविण्याची घाटातली ती जागाही १९२९ मध्ये नवा मार्ग काढल्यावर सुनी पडली. डिसेंबर १९९५ मध्ये देशातील ब्रॉडगेज मार्गावरून वाफेचे इंजिन कायमचे निवृत्त झाले. फकफक आणि शिटी, धूर आणि डोळ्यांत जाणारी कोळशाची कणी हे सारे आपल्या आजी-आजोबांच्या आठवणींत गेले.

अशा वेळी मनात येते, की जतन कशाला म्हणावे? इंजिन काचेआड ठेवता येते. मार्ग ठेवता येत नाही. तो वापरूनच जपावा लागतो. खाडीवर नवे पूल झाले, रुळांच्या दोन ओळींच्या चार आणि चारांच्या सहा झाल्या, पण मुंबईहून ठाणे, ठाण्याहून कल्याण आणि कल्याणहून दोन घाट ही बर्कलेंची रेघ कोणाला पुसता आली नाही. रोज लाखो माणसे त्या रेघेवरून कामाला जातात आणि घरी परततात. एखाद्या इंजिनियराला याहून मोठे स्मारक कोणते मिळणार?

तथापि एवढ्यावर समाधान मानून हात झाडणे बरे नव्हे. वापरात असलेल्या गोष्टीचा इतिहास सर्वांत लवकर विसरला जातो, कारण ती रोज समोर असते. इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी जुन्या मार्गाच्या खुणा हिंडून पाहाव्यात, मुंब्र्याजवळच्या जुन्या वळणाची आणि दगडी बांधकामाची छायाचित्रे घ्यावीत, मराठीच्या विद्यार्थ्यांनी ज्यांच्या घरी रेल्वेत काम केलेली वडीलधारी मंडळी आहेत त्यांच्याकडून फायरमन, गँगमन, खलाशी यांच्या भाषेतले शब्द टिपून ठेवावेत. 'सुलतान'चे लोखंड वितळून गेले. ते आता परत येणार नाही. पण कोणत्या कमानीचा दगड कोणी घडविला, कोणते गाव मार्गावर आले आणि कोणते राहून गेले, हे अजून शोधता येण्यासारखे आहे. त्या शोधात बर्कलेंच्या नावाबरोबर घाटात मेलेल्या एखाद्या वडाराचे नाव जरी सापडले, तरी आपल्या वार्षिकाच्या पानांचे सार्थक होईल.